पारदर्शक पट्टी

“हलू नकोस,” सन्मती म्हणाला आणि त्यानं एक पट्टी माझ्या डाव्या मनगटावर ठेवली, दुसरी उजव्यावर.

पट्टी ठेवली हे मला त्याच्या बोटांवरून कळलं, नाहीतर दिसत काहीच नव्हतं. खालची शीर दिसत होती, तीळ दिसत होता, बारीक लव दिसत होती. मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात पाहिलं तेव्हा कुठे एक पुसट चौकोन चमकला. त्यानं तारा जोडल्या आणि समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारायला लागली.

“हे तुझं हृदय,” तो म्हणाला. “घाबरट आहे. बघ कसं पळतंय.”

“पळणारच. दोन वर्षं तुझ्या पट्ट्या फाटताना बघितल्यात मी.”

तो हसला. त्याला असं मोकळं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात डॉ. नलवड्यांच्या हाताखाली आम्ही दोघं पीएच.डी. करत होतो. मोबाईलच्या काचेवर जो वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो, तो वाकवला की त्याला तडे जातात. वाकेल, ताणला जाईल आणि तरी आरपार दिसेल असा थर बनवायचा, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही चांदीच्या तारा वाढवायचो. केसाहून कितीतरी बारीक, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या. काचेच्या चंबूत त्या तयार झाल्या की राखाडी, हिरवट झाक असलेलं गढूळ पाणी दिसायचं, बस. ते पाणी मऊ रबरी पापुद्र्यावर फवारलं की तारांचं जाळं पसरायचं. जाळ्याच्या फटींतून उजेड जायचा आणि तारांमधून वीज.

सन्मती मगदूम हुपरीचा. चांदीच्या दागिन्यांचं गाव. घरी वडील, चुलते, सगळे पैंजण घडवणारे. याला म्हणायचे, तूही चांदीच घडवतोस म्हणे, पण दाखव की एकदा. तो म्हणायचा, दिसत नाही हीच तर गंमत आहे.

त्या दिवशी माझ्या हातावरच्या पट्ट्या काढायच्या आतच त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, “आत्ता? आत्ता कसं काय? सातवा तर लागलाय नुसता.”

त्याच्या बायकोला, त्रिशलाला, कळा सुरू झाल्या होत्या.

तो गाडीची किल्ली शोधत राहिला. किल्ली त्याच्या हातातच होती. ते मी त्याला सांगितलं तेव्हा तो पळाला. पडद्यावरची माझी रेघ तशीच उड्या मारत होती.

*

मुलगी झाली. मी दवाखान्यात गेले तेव्हा सन्मती काचेच्या भिंतीपाशी उभा होता. आत ओळीनं पेट्या होत्या. त्यातल्या एका पेटीत, निळ्या उजेडाखाली, एक लालसर जीव पडला होता. डोळ्यांवर पट्टी, नाकात नळी. माझ्या तळहातावर मावेल की काय असं वाटलं.

“कावीळ आहे,” तो म्हणाला. “म्हणून निळा दिवा. अंगावर जितका उजेड पडेल तितकं चांगलं म्हणे.”

छातीवर तीन पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या. एवढ्याशा छातीवर तीन म्हणजे छाती जवळजवळ झाकलेलीच.

आम्ही पाहत असतानाच आत सिस्टर आल्या. त्यांना त्यातली एक पट्टी बदलायची होती. त्यांनी कापूस ओला केला, पट्टीच्या कडेवरून हळूहळू फिरवला. खूप हळू करत होत्या, हे मी सांगते, कारण पुढे लोकांनी सिस्टरनाही बोल लावले. तरीही पट्टी निघाली तेव्हा तिच्याबरोबर कातडी आली. बाळानं तोंड उघडलं. काचेतून आवाज आला नाही.

मी मान वळवली. सन्मतीनं वळवली नाही.

“सायीसारखी आहे कातडी,” तो म्हणाला. “धरायला गेलं की निघते. डॉक्टर म्हणतात कावीळ बरी होईल, श्वासाचंही बघू. पण या जखमांतून जंतू आत जातील, त्याची भीती आहे.”

मागे बाकावर त्रिशला बसली होती. ओली बाळंतीण, दवाखान्याच्या गाऊनवर शाल घेतलेली. मी तिच्याशेजारी बसले. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, “वर्षाताई, यांची ती पट्टी चिकटत नाही ना? नुसती ठेवली तरी बसते ना अंगावर?”

मी सन्मतीकडे पाहिलं. तो काचेकडे पाहत होता, पण ऐकत होता. ते दोघं आधीच बोलले होते, हे माझ्या लक्षात आलं.

“बसते,” मी म्हणाले.

“आणि उजेडही जातो त्यातून.”

“हो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली.

*

नलवडे सरांनी सरळ नाही म्हटलं.

“सन्मती, मला तुझं दुःख कळतं. पण ही पट्टी आपण कुणावर लावली आहे? तुझ्यावर, वर्षावर, माझ्यावर. तासभर. मोठ्या माणसाच्या जाड कातडीवर. हे मूल आहे, आणि तेही अपुऱ्या दिवसांचं. चांदी आहे ती. आत गेली तर काय करते, आपल्याला माहीत आहे?”

“चांदीचं मलम भाजलेल्यांना लावतातच की, सर.”

“मलम वेगळं, तारा वेगळ्या. हे तू मला सांगायचं, मी तुला नव्हे.”

“आता आहे ते तरी कुठं चांगलं आहे? रोज सोलतायत तिला.”

सर शेवटी म्हणाले, “डॉक्टरांशी बोल. त्या आणि त्यांची समिती हो म्हणाली तर मी आड येणार नाही. पण माझी सही शेवटी.”

बाळाच्या डॉक्टर बेनाडीकर म्हणून होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनीही आधी हात झटकले. पण बाळाच्या छातीवर आणि पाठीवर आता जागाच उरली नव्हती. नवी पट्टी लावायची तर कुठल्यातरी जखमेच्या कडेलाच लावावी लागत होती. एक दिवस त्यांनी सन्मतीला आत बोलावून ती पट्टी मागितली, स्वतःच्या पापणीवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. म्हणाल्या, “मला चार दिवस द्या. मी समितीपुढे मांडते. तुमच्याकडे जे काही आकडे असतील ते सगळे लागतील. सगळे म्हणजे सगळे.”

मग सन्मती कामाला लागला. आमच्या खोलीत तो सकाळी यायचा आणि दिवस मावळल्यावर दवाखान्यात जायचा. बाळाच्या मापाच्या पट्ट्या करायच्या म्हणजे पापुद्रा आणखी पातळ हवा, तारा आणखी कमी हव्यात. मी मदत करत होते. तारा धुवायच्या, गाळायच्या, पुन्हा धुवायच्या. काही चिकट राहायला नको, म्हणून तो इतक्यांदा धुवायचा की निम्म्या तारा गाळणीतच जायच्या.

एक गोष्ट मी पाहिली, पण तिचा अर्थ मला लागला नाही. तो उन्हाळ्याचे दिवस असून शर्टाची वरची गुंडी लावून असायचा. कधीकधी टेबलावर वाकताना मध्येच थांबायचा. मी विचारलं, पाठ धरली का? तो म्हणाला, झोप नाही.

बाळाच्या बातम्या येत राहिल्या. आज दूध पचलं. आज श्वास अडला होता, पण सावरलं. आज तिनं आईचं बोट धरलं. त्रिशलाला दिवसातून थोडा वेळ आत जाऊ द्यायचे. पेटीला गोल दारं असतात, त्यातून हात घालून ती बाळाच्या डोक्यावर बोटं टेकवून बसायची. डोक्यावरच, कारण दुसरीकडे हात लावायला जागा नव्हती.

समितीनं परवानगी दिली. एकच पट्टी, एका जागी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आईवडिलांच्या संमतीनं. नलवडे सरांनी सही केली. सही केल्यावर पेन खाली ठेवून ते मला म्हणाले, “एका कंपनीची माणसं आपल्याकडे यायची आहेत. हे तंत्र त्यांना हवंय. त्यांना आत्ता यातलं काही सांगायचं नाही. लेकराच्या अंगावर मला आपली जाहिरात नकोय.” ते चांगले गृहस्थ होते. आता हयात नाहीत.

*

पट्टी लावायच्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. सर, मी, सन्मती. काचेच्या झाकणबंद बशीत पट्टी होती, निर्जंतुक केलेली. ती मी धरली होती, कारण सन्मती म्हणाला तू धर.

काचेच्या भिंतीबाहेर डॉ. बेनाडीकर तयार होत्या. हात धुतलेले, टोपी घातलेली. त्रिशला दाराशी उभी होती. तिनं त्या दिवशी दवाखान्याचा गाऊन नव्हे, घरून आणलेली साडी नेसली होती. केस विंचरले होते. कपाळाला कुंकू होतं.

“द्या,” डॉक्टर म्हणाल्या.

मी बशी पुढे केली. सन्मतीनं मध्ये हात घातला.

“नको,” तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, त्याला स्वतःला द्यायची आहे. डॉक्टर थांबल्या. त्यानं बशी माझ्या हातातून घेतली आणि छातीशी धरली.

“नको, मॅडम. लावायची नाही.”

“काय झालं? काही बिघडलंय का पट्टीत?” सरांनी विचारलं.

“मला भीती वाटते.”

“भीती वाटणारच,” डॉक्टर म्हणाल्या. “मलाही वाटते. पण आपण सगळं तपासलंय.”

“मी लावू देणार नाही.”

त्रिशला पुढे आली. ती हळू आवाजात बोलली. कोल्हापूरकडची माणसं चिडली की आवाज चढवतात. ती चढवत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं.

“अहो, असं काय करताय? तुम्हीच केलीय ना? तुम्हीच म्हणालात ना, तिला दुखणार नाही?”

“म्हणालो होतो.”

“मग लावा की. आत बघा तिला. रोज काय चाललंय तिचं, बघा.”

“बघतोय.”

“नाही बघत तुम्ही. मी बघते. आत मी बसते.” तिनं त्याचा हात धरला, बशीसकट. “काय व्हायचं ते होऊ दे. लावा. मी सांगते, लावा.”

त्यानं बशी आणखी घट्ट धरली. तिनं त्याची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. बशीचं झाकण खाली पडलं, फुटलं. पट्टी जमिनीवर कुठं पडली ते कुणालाच दिसलं नाही. सिस्टर धावत आल्या. डॉ. बेनाडीकरांनी हातमोजे काढले, त्यांचा गोळा केला आणि सन्मतीला म्हणाल्या, “तुमचा निर्णय. पण याआधी सांगायचं होतं.” त्या आत गेल्या.

त्रिशला तिथंच फरशीवर बसली. काचेचे तुकडे आहेत, उठा, म्हणून मी तिला धरलं. ती उठली नाही. हाताने फरशी चाचपत राहिली. पट्टी शोधत होती.

सरांच्या गाडीत परतताना सन्मती पुढे बसला होता. सर एकदाच म्हणाले, “मला कारण सांगशील?” तो म्हणाला, “सर, जरा थांबा. सांगतो.” मी मागे बसून त्याच्या मानेकडे पाहत होते. दोन वर्षं ज्याचं काम मी जवळून पाहिलं होतं तो माणूस ऐन वेळी कच खाऊन पळाला, असंच मला वाटलं, आणि मला त्याची शिसारी आली.

बाळ त्यानंतर आठवडाभर होतं. मग रक्तात जंतू गेले. निळा दिवा बंद केला तेव्हा तिचा खरा रंग पहिल्यांदा दिसला, असं त्रिशलाची आई कुणाला तरी सांगत होती. गोरी होती म्हणे.

नाव ठेवलं नव्हतं.

*

कंपनीची माणसं ठरल्या दिवशी आली. सरांनी पुढे ढकलायचं पाहिलं होतं, पण त्यांचा दौरा आधीच आखलेला होता. सन्मती येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तो आला. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा.

कंपनीचे एक मुख्य गृहस्थ होते, सौम्य, पुण्याचे. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. ते म्हणाले, “मगदूमसाहेब, तुमच्याबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. पण आम्ही ठरवलंय, ही पट्टी आम्ही अशाच बाळांसाठी बाजारात आणायची. तुमच्या मुलीला मिळाली नाही, दुसऱ्यांच्या मुलांना मिळेल.”

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सन्मती उभा राहिला. म्हणाला, “साहेब, तुम्हाला एक दाखवायचं आहे. सर, तुम्हालाही. तेव्हा दाखवायला हवं होतं, पण हिंमत झाली नाही.”

आणि त्यानं शर्टाच्या गुंड्या काढायला सुरुवात केली.

आतलं बनियन त्यानं वर केलं. त्याच्या छातीवर, बरगड्यांवर, पोटावर चौकोन होते. बाळाच्या मापाचे लहान लहान चौकोन. काही लाल, सोललेले. काहींवर खपली. आणि जुने जे होते ते पाटीच्या रंगाचे, निळसर करडे, जणू कुणी शिसपेन्सिलीनं आतून रंगवलेत.

“पेटीत ऊब असते,” तो म्हणाला. वर्गात शिकवावं तसा सावकाश बोलत होता. “ओल असते, आणि वरून निळा दिवा. आपण पट्टी तपासली ती कोरड्या खोलीत, तासभर. म्हणून मी ती ओलं फडकं आणि प्लॅस्टिक गुंडाळून दिवसरात्र घातली. घरी तसाच दिवा आणून त्याखाली बसलो. पहिले काही दिवस काही नाही. मग खाज. मग पाणी भरलेले फोड. ओल मिळाली की तारांतून चांदी सुटते. फोड फुटला की ती आत जाते आणि दिव्यानं काळी पडते. हे जात नाही आता. मी धुऊन बघितल्या, पातळ करून बघितल्या, प्रत्येक वेळी नवी पट्टी नव्या जागी. त्या सकाळपर्यंत शेवटची तेवढी राहिली होती. ती चांगली निघेल असं वाटत होतं. निघताना अंघोळीला गेलो तेव्हा तिच्याखालीही फोड आला होता.”

त्यानं बनियन तसंच वर धरलं होतं.

“माझी कातडी जाड आहे,” तो म्हणाला. “तिची नव्हती.”

सर उठले. सर तसे कुणाच्या अंगाला हात लावणारे नव्हते. ते टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी सन्मतीचं बनियन खाली ओढलं आणि त्याच्या शर्टाच्या गुंड्या एकेक करून लावल्या. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “हे काम आम्ही इथे थांबवतोय. तुम्ही चहा घेऊन निघालात तरी चालेल.”

आमचं काम खरोखरच थांबलं. मी विषय बदलला, वर्ष वाया गेलं. सन्मतीनं पीएच.डी. सोडली. सरांनी त्याला पुष्कळ समजावलं. तो म्हणाला, सर, चंबूतलं ते पाणी बघवत नाही.

*

दिवाळीच्या आधी मी हुपरीला गेले. मला एकच काम होतं. सन्मतीनं घरी काही सांगितलेलं नाही, हे मला कळलं होतं. त्यानं का लावू दिलं नाही हे त्रिशलाला ठाऊक नव्हतं, आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिला हे कळलं तर दोघांचं नीट होईल, असं मला वाटत होतं.

सन्मती घरी नव्हता. तो आता वडिलांबरोबर बसायचा, पैंजणांना घुंगरं लावायला. त्रिशलानं मला माडीवर नेलं, पाणी दिलं. ती वाळली होती. खाली रस्त्यावर कुठंतरी चांदी ठोकल्याचा आवाज येत होता, त्या गावात तो सतत येतो.

मी तिला सगळं सांगितलं. छातीवरचे चौकोन, दिवा, शेवटचा फोड. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “तुम्ही एवढ्या लांब हे सांगायला आलात?”

“तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून.”

“मला माहीत होतं, वर्षाताई.”

मला वाटलं, नंतर कळलं असेल. “कधी कळलं?”

“तेव्हाच. दवाखान्यातून मी मध्ये मध्ये घरी यायचे, कपडे घ्यायला. यांची बनियनं मीच धुवायचे. आतून डाग असायचे. एकदा झोपले होते तेव्हा बनियन वर करून बघितलं.” ती थांबली. “काय चाललंय ते मला कळलं. मी काही अडाणी नाही.”

“मग त्या दिवशी तुम्ही...”

“हो,” ती म्हणाली. “माहीत असून म्हणाले, लावा.”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ती तशीही सोलली जात होती,” त्रिशला म्हणाली. “मला वाटलं, भाजायची ती उद्या-परवा भाजेल. आजचा एक दिवस तरी तिला कुणी ओरबाडणार नाही. एक दिवस मला तिच्या छातीवर हात ठेवता येईल. असं वाटलं. आई असून असं वाटलं. आणि ते नाही म्हणाले.”

खालचा ठोकण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“आता मी त्यांच्यावर रागावलेय, असं सगळ्यांना वाटतं. सासूबाईंना, आईला. त्यांनाही तसंच वाटतंय. तसंच वाटू दे. रागावलेय तोवर मला घरात वावरता येतं, भाकरी करता येते. हा राग नसला तर मी कुठं बघू? त्यांच्या तोंडाकडे? त्यांनी तिला वाचवलं, माझ्यापासून. हे मी त्यांच्या तोंडावर कसं म्हणू?”

ती उठली. पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यापाशी गेली आणि मागे न वळता म्हणाली, “मला माहीत होतं, हे त्यांना सांगू नका. शपथ आहे तुम्हाला.”

मी नाही सांगणार म्हणाले.

संध्याकाळी सन्मती मला गाडीवरून स्टँडवर सोडायला आला. एसटीला उशीर होता. आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर एक बाई फुलांचे गजरे भिजवत बसली होती.

“तिला सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“हो.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. ऐकून घेतलं.”

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, “तू आलीस ते बरं केलंस. पण पुन्हा हा विषय काढू नकोस तिच्यापाशी. राहू दे तिला रागावलेली.”

“अरे, पण किती दिवस? तू स्वतः बोल तिच्याशी.”

“काय बोलू?” तो गजऱ्यांकडे पाहत होता. “माझी बनियनं ती सुलटी करून वाळत घालायची, वर्षा. आतली बाजू आत, डाग कुणाला दिसू नयेत म्हणून. आमच्याकडे कपडे नेहमी सुलटे वाळत पडतात, की उलटे, मला काय माहीत? मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. तेवढ्या दिवसांत बघितलं. डाग घासून घासून ते कापड विरलं होतं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्या सकाळी ती दाराशी साडी नेसून उभी राहिली, लावा म्हणाली, तेव्हाही माहीत होतं. तरीही त्यानं तिथं शर्ट काढून दाखवला नाही. दाखवला असता तर डॉक्टरांसमोर, सरांसमोर, माझ्यासमोर तिला, तुला हे माहीत होतं का, असं विचारल्यासारखं झालं असतं. मला भीती वाटते, एवढंच तो म्हणाला, आणि भित्रा ठरला.

एसटी आली. मी चढले, खिडकीपाशी बसले. तो खाली उभा होता. काहीतरी म्हणाला, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी हात कानाशी नेला. त्यानं राहू दे अशी खूण केली.

याला आता बरीच वर्षं झाली. ते दोघं अजून त्याच घरात राहतात. पुन्हा मूल झालं नाही. मी कधी गेले तर त्रिशला जेवायला वाढते, सन्मती पाणी ओततो, आणि मधल्या मधे मी दोघांशी बोलत राहते, कारण दोघंही जे काही बोलायचं ते माझ्याशीच बोलतात.